नाही कळलं, बाई

सोमवारी गणिताच्या तासाला चित्राबाई सहावीच्या वर्गात आल्या, तेव्हा शेवटच्या बाकावर पेडणेकर सरांच्या जागेवर दिपिकाने आपलं दप्तर ठेवलं होतं. खिडकीजवळची जागा, भावेशचा त्या जागेवर कधीपासून डोळा. तो मागे जाऊन उभा राहिला. दिपिकाने दप्तरावर हात ठेवून नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मुकाट्याने परत फिरला.

सर गेल्याचं मुलांना सकाळी प्रार्थनेनंतर सांगितलं होतं. शनिवारी पहाटे, झोपेतच गेले.

चित्राबाई लहान असताना वर्तकनगरच्या शाळेत त्यांनीच बाईंना इतिहास शिकवला होता. पुढे निवृत्त झाले, म्हातारे झाले, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस बस पकडून कळव्याच्या या शाळेत येऊन उभे राहिले. गणित आयुष्यभर आपल्याला दटावत आलं, म्हणाले; आता जरा त्याच्या शेजारी बसून बघतो. मुख्याध्यापकांना आधी थट्टाच वाटली. मुलांना तर वाटलीच. आजोबा, तुम्हाला नापास केलं का, असं भावेशने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. हो रे, सर म्हणाले, फेरपरीक्षा अजून चालू आहे.

शिकवताना मध्येच त्यांचा हात वर जायचा. मग दोन्ही तळवे बाकावर टेकून ते हळूहळू उभे राहायचे आणि स्वच्छ आवाजात म्हणायचे, “नाही कळलं, बाई.” बसूनच विचारा, असं चित्राबाईंनी किती वेळा विनवलं. पण विद्यार्थ्याने उभं राहूनच बोलायचं असतं, यावर ते ठाम होते. पहिले काही दिवस मुलं फिदीफिदी हसली. मग हसणं थांबलं. मग कधीतरी साईनाथने हात वर केला, त्याच्यामागून संचिताने.

मागच्या तासाला अपूर्णांकांचा भागाकार झाला होता. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. सर उभे राहिले होते. उलटा का करायचा? तसा नियम आहे, बाई म्हणाल्या. नियम पाठ झाला, सर म्हणाले, कळला मात्र नाही. घंटा झाली. पुढच्या तासाला सांगते, असं म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं होतं.

हाच तो पुढचा तास.

चित्राबाईंनी फळ्यावर भाकरी काढली. मधोमध रेघ मारून अर्धी पुसून टाकली. या अर्ध्या भाकरीतून पाव भाकरीचे तुकडे किती निघतील? दोन. बरोबर. आता अख्खी भाकरी घेतली तर तिच्यातून पाव तुकडे निघतात चार, म्हणून चारने गुणायचं. आपल्याकडे आहे अर्धीच, म्हणून चाराचे निम्मे. उलटं करायचं ते एवढ्यासाठी. बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होती आणि दप्तरावर अडखळून परत येत होती. शुक्रवारी रात्री घोळवून मांडलेलं होतं सगळं. ते ज्यांच्यासाठी मांडलं, ते ऐकायला नव्हते.

“कळलं?” त्यांनी विचारलं.

“हो ऽ बाई.”

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. दिवाळीच्या आधी हा सूर रोज ऐकू यायचा. पाढे म्हणावेत तसा. त्यात कुणाला कळलंय आणि कोण नुसतं सुटू पाहतंय, हे ओळखायला जागाच नसायची. सर जाऊन दोनच दिवस झाले, आणि वर्ग होता तिथे परत जाऊन बसला होता.

त्यांनी पुस्तक उचललं नाही. खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. भावेशने कंपासपेटी उघडली, बंद केली. खाली मैदानावर चौथीची कवायत चालली होती.

“नक्की?”

“हो ऽ बाई.” या वेळी जरा लहान आवाजात.

शेवटच्या बाकावर हालचाल झाली. दिपिकाने दप्तरावरचा हात काढला. वर्गात ती कधी बोलत नसे. विचारलं तरी मान खाली घालून अशी उभी राहायची, की बाईच कंटाळून बस म्हणायच्या. सर तिच्या शेजारी बसायचे तेव्हाही त्या बाकावरून आवाज यायचा तो सरांचाच. आता तिने दोन्ही तळवे बाकावर टेकले आणि हळूहळू उभी राहिली. गुडघे दुखत असल्यासारखी.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“नाय कळलं, बाई,” दिपिका म्हणाली. मग थांबून, “अर्धीच भाकरी हाय, तर अख्खीचे चार कशाला मोजायचे?”

तिला खरंच कळलं नव्हतं, की ती दुसऱ्या कुणाच्या वतीने उठली होती, हे चित्राबाईंनी विचारलं नाही. तिला बसही म्हणाल्या नाहीत.

“चांगलं विचारलंस,” त्या म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यापासून सांगते.”

त्यांनी फळ्याकडे वळून डस्टर फिरवलं. भाकरी पुसली, आकडे पुसले, कोपऱ्यातली खडूची रेघसुद्धा राहू दिली नाही. हे करायला त्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग पदराने डोळे टिपून त्या वर्गाकडे वळल्या.

पहिल्या बाकावर, जिचं उत्तर आजवर कधी चुकलं नव्हतं, त्या रुचिताचा हात वर होता.