मॅनेजरचा बिल्ला

ओव्हरटाइमचे नियम बदलणार म्हटल्यावर आमच्या मालकाची, डेल्बर्टची, झोपच उडाली. विस्कॉन्सिनमधल्या त्याच्या छोट्याशा हॉटेलात शुक्रवारी तळलेले मासे खायला अख्खं गाव लोटतं आणि कढईपाशी उभी असते मी. माझे आठवड्याचे चाळीस तास कधीच उलटून जातात, आणि आता वरच्या तासांना दीडपट पैसे द्यावेच लागणार होते.

"माझी लेक मार्लिस छोट्या धंदेवाल्यांना हेच नियम समजावत फिरते," मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "बोलावू का? फी नाही घेणार ती तुझ्याकडून."

लेक आली, दुपारभर दार लावून डेल्बर्टशी बोलली. जाताना माझ्या हातचा मासा खाल्ला, मला मिठी मारली.

सोमवारी डेल्बर्टने सगळ्यांसमोर माझ्या एप्रनला 'मॅनेजर'चा बिल्ला लावला. केक कापला. भांडी घासणारा ओटिस ओरडला, "मॅनेजरबाई, आता आम्हाला ओळख तरी दाखवाल ना?" मी चक्क लाजले.

शुक्रवारी मासे तळून झाल्यावर जादा तास लिहायला गेले, तर डेल्बर्टने हात धरला. "मॅनेजरला ठरावीक पगार, व्हर्ना. ओव्हरटाइम नाही."

"अरे, पण कढईपाशी अजून मीच उभी आहे ना?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघत पुटपुटला,

"मी ओटिसला मॅनेजर करणार होतो गं. मार्लिसच म्हणाली, ओटिस भांडेल, आईला करा. ती काही बोलणार नाही."