भर पंगतीत

बहात्तरच्या दुष्काळात अंजनाचं लग्न झालं. नवरा अजूनही त्या लग्नातल्या जोतिबा आचाऱ्याच्या आमटीचे गोडवे गाई; तिला मात्र आठवे ते त्या आचाऱ्याचं भर पंगतीतलं ओरडणं, "पोरीच्या बापानं डाळच कमी दिलीया!"

पुढं नणंदेच्या लग्नाला तोच आचारी आला. घरच्या सुनेनं कुंकू वाहिल्याशिवाय चूल पेटत नसे, आणि कोरेगावाहून वऱ्हाड तर निघालेलं. अंजना करंडा मुठीत धरून उभी राहिली.

"आवं आचारी, आधी माझ्या आबांच्या पाया पडा."

जोतिबा नाइलाजानं सगळ्यांदेखत पाया पडला. आबा ओशाळून लेकीच्या कानाशी लागले, "पोरी, डाळ खरंच कमी दिलती मी."



"ठाव हाय, आबा. त्यानंबी तवा असंच कानात सांगायचं हुतं."