सळईतली बांगडी

सन अठ्ठेचाळीस. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या कामासाठी इंदूरला निघालेले प्रभाकर वकील भरदुपारी वाटेतल्या गावी, शनवारा वस्तीत, मोटारी दुरुस्त करणाऱ्या निंबा मिस्त्रीच्या दारात थांबले.

"नदीवरच्या राजघाटाजवळ मोटार दगडाला धडकली. पुढचं बघून दे."

निंबा मोटारीखाली सरकला. स्प्रिंगचे पाटे शाबूत होते, आसही सरळ होता. पण दोन्ही चाकांना जोडणाऱ्या सळईत काचेची हिरवी बांगडी ओवलेली होती, अख्खी. सळई तर दोन्ही टोकांना पक्की जखडलेली.

"साहेब, सळईत बांगडी हाये. दगडच होता ना?"

वकिलांचा चेहरा उतरला. "फोड ती."

निंबाने हातोडी मारली. काचेला तडाही गेला नाही. त्याने पुन्हा हातोडी उचलली, तेव्हा मोटारीच्या रिकाम्या मागच्या सीटवरून बाईचा आवाज आला, "हळू रे भाऊ, हात दुखतो."