गार्झाने नाव सांगितलं नाही

सैन्यातून निवृत्त झालेला सार्जंट टॉलिव्हर आता कंपन्यांची माहिती किती सुरक्षित आहे ते तपासायचा. चोरासारखं सर्व्हरपर्यंत शिरायचं आणि फट कुठे आहे ते दाखवायचं. पहारेकरी ओळखीचा निघाला, तर तपासणी बाद आणि पैसेही नाहीत.

पहिल्याच कामाला, सॅन अँटोनियोत, गेटवर त्याच्याच तुकडीतला गार्झा उभा.

"सार्जंट! तुमच्याकडे कसला पास मागू? जा की आत!"

टॉलिव्हर गेला.

संध्याकाळी, या तपासणीची कल्पना नसलेल्या मॅनेजरने कॅमेऱ्यातला फोटो गार्झापुढे आपटला. "कोण हा? बोल, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही ओळखत, साहेब."

शेजारच्या खोलीत कंपनीच्या मालकासाठी अहवाल लिहीत बसलेल्या टॉलिव्हरला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

 

पकडलं गेल्यावर सोबत्याचं नाव सांगायचं नाही, हे त्यानेच गार्झाला शिकवलं होतं. आणि आत्ता तो स्वतःही गप्पच बसला.