आणखी एक ताट

"बुडालेला पोरगा नऊ वर्षांनी जेवायला दारात येतो? कोण मानंल हे?" अर्पिता हसत सुटली. मोबाईल तिनं भावनाच्या हातात परत दिला.

भावनाला ते हसू झोंबलं. आठ महिने घरी बसून ती हा गेम बनवत होती. अर्पिता जाफराबादची, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ओळख झालेली. शेततळ्यात बुडालेला पोरगा म्हणजे भावनाचा धाकटा भाऊ कल्याण, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याच्यानंतर घरच्यांनी हसनाबाद सोडलं होतं आणि भोकरदनला आल्यावर त्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

भावना पुन्हा कामाला बसली. गोष्ट तीच ठेवली, सांगणं बदललं. सुरुवातीचा शाप काढला. विजांचा कडकडाट काढला, रडवी बासरी काढली. आता गेम सरळ स्वयंपाकघरात उघडायचा. भाकरी थापल्याचा आवाज, बस. खेळणाऱ्यानं ताटं मांडायची. घरात माणसं तीन. तीन ताटं मांडून झाली की पाठमोरी बसलेली आई म्हणायची, "आणखी एक." कोणासाठी, ते कोणी सांगायचं नाही. रोज तेच. गेममधल्या दहाव्या दिवशी खेळणारा आपणहूनच चार ताटं मांडायचा, आणि तेव्हा कुठं बाहेर रांजणापाशी कोणीतरी पाय धुवायला लागायचं.

आईचा आवाज भावनानं आपल्याच आईचा, कांताबाईचा घेतला. गेममध्ये काय आहे ते सांगितलं नाही. कांताबाईनं ते दोन शब्द एकदाच म्हटले. दुसऱ्यांदा म्हणवून घ्यायची गरज पडली नाही.

अर्पितानं पुन्हा खेळून पाहिलं. या वेळी ती हसली नाही. पाय धुतल्याचा आवाज आला तशी ती हळूच म्हणाली, "तो आला नसता तर मला खोटं वाटलं असतं."

मग क्लासमधल्या सगळ्यांनी खेळून पाहिलं. मेलेला माणूस येतो कसा, हे एकानंही विचारलं नाही.

एका दुपारी कांताबाई शेंगा फोडता फोडता उठली. "दाखव तरी, माझा आवाज कुठं घातला ते."

भावना हेच टाळत आली होती. तिनं निमूट मोबाईल दिला.

स्वतःचा आवाज ऐकून कांताबाईचं बोट क्षणभर थांबलं. मग तिनं चौथं ताट मांडलं. दुसऱ्या दिवशीचं मांडलं, तिसऱ्या दिवशीचं मांडलं. दहाव्या दिवशी न सांगताच चारही मांडली. पाय धुतल्याचा आवाज आला. दार उघडलं. शाळेच्या ओल्या कपड्यांत पोरगा उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला आवाज नव्हता. तो आवाज दुसऱ्या कोणाकडून घ्यायला भावनाचं मन झालं नव्हतं. नुसती अक्षरं उमटली. कांताबाईनं ती एकेक लावत वाचली, "आई, येऊ का?"

खाली दोन बटणं होती, 'ये' आणि 'जा'. आजवर प्रत्येकानं 'ये'च दाबलं होतं.

कांताबाईनं 'जा' दाबलं.

"आई! असं काऊन केलं?"

"खरंच आल्यावानी वाटला गं. म्हणून जा म्हणलं. वल्या कपड्यानं किती वर्षं उभा राह्यील लेकरू?"

ते बटण भावनानं दाखवण्यापुरतं ठेवलं होतं. त्याच्यामागं काहीच लिहिलेलं नव्हतं, दाबलं तरी काही व्हायचं नाही. आपल्या भावाला कोणी जा म्हणेल, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं.

कांताबाईनं पुन्हा 'जा' दाबलं. पुन्हा दाबलं. पोरगा दारातून हलला नाही. मग तिनं मान वर करून लेकीकडं पाहिलं.

"मी तर जा म्हणून राह्यले. मंग याला धरून कोण बसलंय, भावना?"