उशिराचं आमेन

या, जरा जवळ सरकून बसा. गाण्यानं जिंकलेल्या एका कुरणाची गोष्ट सांगतो.

वेल्सच्या सीमेवरच्या एका मठात सात साधू होते. शेजारच्या गडाचे म्हातारे सरदार ड्रोगो यांनी मरणापूर्वी साधूची वस्त्रं घेतली आणि दानाची खूण म्हणून वेदीवर सुरी ठेवून नदीकाठचं कुरण मठाला दिलं. त्यावरच मठ जगत होता.

एका सकाळी त्यांचा मुलगा हॅमो शिपाई घेऊन आला. “फादर, सुरी काय, कुणीही ठेवील. साक्षीदार दाखवा, नाहीतर कुरण सोडा.”

“आधी स्तोत्र होऊ दे, लेका,” मठाधिपती ऑस्बर्न म्हणाले. “तुझे शिपाईही जरा देवाचं ऐकतील.”

साती जण गायले, ‘आमेन’ म्हणून थांबले. मग मागून, जिथे कुणीच उभं नव्हतं तिथून, एक जाडंभरडं ‘आमेन’ आलं.

ड्रोगो जन्मभर ‘आमेन’ म्हणताना असेच मागे पडायचे, आणि घरचे हसायचे.

हॅमोचा चेहरा उतरला. “पुन्हा म्हणा.”

पुन्हा तेच झालं, पण आता उशिराचं ‘आमेन’ त्याच्या खांद्याशी आलं.

कुरण मठाचंच, म्हणून हॅमोनं आपली सुरी काढून वेदीवर बापाच्या सुरीशेजारी ठेवली. घंटा घणघणल्या, साधूंनी जयाचं स्तोत्र उचललं, रडत रडत हॅमोही गायला. ‘आमेन’ म्हणून सगळे एकदम थांबले.

मग उशिराचं ‘आमेन’ हॅमोच्याच तोंडून आलं, बापाच्या आवाजात.

तुम्हीही आमेन म्हणाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि ड्रोगोबाबांची आठवण ठेवा.