परवान्यात पाणी नाही

"आता शेवटचं एकदा," दिग्दर्शक म्हणाला. हे तो दुपारपासून म्हणत होता.

टाकीच्या कडेला सात वर्षांची भिंगरी टॉवेल गुंडाळून बसली होती. दातांवर दात वाजत होते. मालिकेत ती नदीत पडणार होती आणि मामा उडी मारून तिला वाचवणार होता. पण मामाची उडी काही केल्या दिग्दर्शकाच्या मनासारखी पडत नव्हती. चुकायचं मामाने आणि पुन्हा बुडायचं भिंगरीने, असा तो न्याय. भिंगरी हे नाव तिला सेटवरच्या लोकांनीच ठेवलं होतं, कारण पहिल्या दिवशी ती एका जागी ठरेना. आज मात्र बसवलं तिथे बसून होती.

एवढ्यात दारातून चष्मा लावलेल्या एक बाई आत आल्या. कडक इस्त्रीची साडी, काखेत फाइल, कपाळाला आठी. रखवालदाराला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, तो मागून खुर्ची घेऊन येत होता.

"बालकलाकार परवाना विभाग," बाई म्हणाल्या. "मॅनेजर कोण इथला?"

मॅनेजर लगबगीने पुढे झाला. "मी, मॅडम. पण तुमच्या विभागात तपासायला माणसं आहेत? मी परवान्याला आलो तेव्हा एकच म्हातारे साहेब शिक्के मारत बसले होते. फिरतीला पैसेच मिळत नाहीत म्हणाले."

"यंदा फी वाढली ना परवान्याची?"

"दुप्पट केलीत."

"मग ती काय आम्ही लोणचं घालायला घेतली?"

हे मॅनेजरला पटलं. तरी ओळखपत्र विचारावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बाईंनी आधी त्याच्याकडेच परवाना मागितला, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्याने मुकाट्याने परवाना पुढे केला.

"मुलीची वेळ कधीच संपली," बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "आणि परवान्यात पाणी कुठे आहे?"

"थोडंसंच आहे, मॅडम. गुडघाभर."

"कोणाच्या गुडघ्याएवढं?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजरने आवाज खाली आणला. "जरा बाजूला बसून बोलू या का? तुमचंही काही..."

"इथेच बोला. आणि मोठ्याने बोला."

आता मॅनेजरने हुकमाचं पान काढलं. त्याने भिंगरीच्या आईला हाक मारली. "ही मुलीची आई. विचारा, हिची काही तक्रार आहे का. बायका कुरकुर करतात, मॅडम, नाही असं नाही. मागच्या महिन्यात एकीने मुलाला ताप आहे म्हणून हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा मुलगा उभा. पण या ताई समंजस आहेत."

आई भिंगरीचे तळपाय चोळत होती. ती उठली आणि बाईंवर अशी काही तुटून पडली, की मॅनेजरही दोन पावलं मागे सरकला.

"कोण हो तुम्ही? सकाळपासून माझी पोर राबतेय, काम संपत आलंय आणि आत्ता मोडता घालायला आलात? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत झाली!"

"आवाज खाली, बाई. परवाना तुमच्या हौसेवर चालत नाही."

"माझ्या मुलीचं भलं मला कळत नाही? एकदा पाण्यात गेली तर काय विरघळणार आहे?"

वाईट वाटावं असंच ते सगळं होतं. पोर थंडीने काकडतेय आणि जन्मदाती आई तिने पुन्हा पाण्यात जावं म्हणून भांडतेय! दिवे सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. त्याला नातवंडं असावीत.

बाई मात्र ढिम्म हलल्या नाहीत. आईचं बोलून संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी फाइल मिटली.

"मुलीला आत्ताच्या आत्ता सोडा. बुडवायचंच असेल तर बाहुली बुडवा. नाहीतर परवाना रद्द आणि सेटला कुलूप."

दिग्दर्शकाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने पाण्याकडे. मग टाकीवरचे दिवे एकेक करून विझले. आईने पुटपुटत, बोटं मोडत मुलीला कोरडे कपडे चढवले. मॅनेजर तिची समजूत काढायला दारापर्यंत आला.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यात तुमची काय चूक? भिंगरीची जागा पक्की आहे."

"माझंच नशीब फुटकं," आई म्हणाली आणि निघाली.

पुढच्या वळणावर, बसथांब्याच्या बाकावर त्या चष्मेवाल्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांना पाहून आई तरातरा चालत गेली. भिंगरी तिच्या खांद्यावर झोपली होती. समोर जाऊन तिने एकदा मागे वळून फाटकाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

मग ती बाईंच्या शेजारी बसली आणि मुलीचे पाय तिने त्यांच्या मांडीवर सोडले.

"जागा पक्की आहे म्हणाला," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी फारच ओरडले का हो?"

"छे. फक्त ती म्हण पाठ करून आल्यासारखी वाटली." बाईंनी पदराने मुलीची पावलं झाकली. "अंग तापलंय हिचं. डॉक्टरकडे ने आधी."

"नेते. पण उद्या परत हिला पाण्यात उतरवलं त्यांनी, तर याल ना?"

"उद्या कशी येऊ गं?" बाई म्हणाल्या. "उद्या बाजाराच्या सीनला गर्दीत उभं राहायला त्याच मॅनेजरने मला फोन करून बोलावलंय."